भीमा–नीरा खोऱ्यातील पिण्याच्या पाण्याचे औद्योगिक रासायनिक प्रदूषण

भीमा–नीरा खोऱ्यातील पिण्याच्या पाण्याचे औद्योगिक रासायनिक प्रदूषण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, विशेषतः दौंड, बारामती व इंदापूर तालुक्यांतील नद्या, जलाशय, विहिरी आणि कूपनलिका यांच्या पाण्यात कारखान्यांतून बाहेर पडणारी द्रव्ये मिसळणे आणि त्यामुळे ते पाणी पिणाऱ्यांच्या आरोग्यास धोका निर्माण होणे होय. जड धातू, सेंद्रिय द्रावके, फिनॉलवर्गीय संयुगे, क्षार, नायट्रेट आणि आसवनींतील मळी-सांडपाणी ही या प्रदूषणाची प्रमुख द्रव्ये मानली जातात. जिवाणूंमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा परिणाम काही तासांत किंवा दिवसांत दिसतो. रासायनिक प्रदूषणाचा परिणाम दिसण्यास अनेकदा वर्षे लागतात. गावपातळीवरील पाणीतपासणीची व्यवस्था मात्र मुख्यतः जिवाणूंसाठी उभी राहिलेली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

इंदापूर तालुका दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा. तालुक्याच्या पूर्व टोकाला नीरा नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. बारामती–इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकी हे या दुआबातील मोठे गाव आहे. खाऊच्या पानांच्या मळ्यांसाठी ते ओळखले जाते आणि संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा आषाढी वारीत येथे मुक्कामास असतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने पाऊस अपुरा व बेभरवशाचा आहे. त्यामुळे येथील शेती आणि पिण्याचे पाणी ही दोन्ही नीरा डावा कालवा, उजनी जलाशयाचा फुगवटा आणि भूजल यांवर अवलंबून असतात.

या तिन्ही स्रोतांचे मूळ वरच्या अंगाला आहे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातून येणारी पवना मुळेला मिळते, पुण्यात मुळा व मुठा एकत्र येतात आणि मुळा-मुठा पुढे दौंड तालुक्याच्या हद्दीवर भीमेस मिळते. इंद्रायणीचा भीमेशी संगम तुळापूर येथे होतो. हे सारे पाणी अखेरीस उजनी धरणाच्या जलाशयात, म्हणजे यशवंतसागरात, येऊन थांबते. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यांपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा आहे. निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्याचे असल्याने जलाशय क्वचितच पूर्ण रिकामा होतो, आणि गाळाबरोबर तळाशी बसलेले धातू तेथेच राहतात.

दक्षिणेकडील नीरा नदी भोर तालुक्यातील सह्याद्रीत उगम पावते. बारामती तालुक्यात तिला कऱ्हा मिळते. नीरेच्या खालच्या टप्प्यात, विशेषतः उन्हाळ्यात प्रवाह आटल्यावर, पाणी काळे पडणे, दुर्गंधी सुटणे व मासे मरणे यांबद्दलच्या नदीकाठच्या गावांच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार प्रसिद्ध झाल्या आहेत. दौंड तालुक्यातील कुरकुंभ या रासायनिक उद्योगांच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील विहिरींबाबतही अशाच तक्रारी झाल्या आहेत.

प्रदूषके भूजलात कशी पोहोचतात

हा प्रदेश दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाचा आहे. काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि खडकांच्या भेगांत. वाळूच्या थरातून झिरपताना पाणी काही अंशी गाळले जाते; भेगेतून वाहताना तसे गाळले जात नाही. शिवाय भेगांची दिशा पृष्ठभागावरील उतारावरून सांगता येत नाही. म्हणूनच एका विहिरीचे पाणी बिघडलेले असताना शेजारच्या रानातील बोअरचे पाणी चांगले असू शकते, आणि नाल्यापासून दूर असलेली विहीर जवळच्या विहिरीआधी बिघडू शकते. अशा विसंगतीमुळे तक्रारदारांवर अविश्वास दाखवला जातो. प्रत्यक्षात ती या खडकाचा स्वाभाविक गुणधर्म आहे.

सांडपाणी भूजलात जाण्याचे मार्ग अनेक आहेत: अस्तर नसलेल्या तळ्यांतून होणारी गळती, पावसाळ्यात ओढ्याला सोडलेले पाणी, टँकरने माळरानावर रिकामे केलेले द्रावण, उघड्यावर टाकलेली घातक घनकचऱ्याची पोती, आणि सर्वांत अपायकारक म्हणजे निकामी कूपनलिकेत सांडपाणी ओतणे. शेवटच्या प्रकारात माती व मुरमाचा नैसर्गिक अडसरच टळतो. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे प्रामुख्याने सेंद्रिय भार कमी करण्यासाठी रचलेली असतात. विरघळलेले क्षार व जिवाणूंना न पचणारी कृत्रिम संयुगे त्यांतून बऱ्याच अंशी तशीच पुढे जातात.

साखर कारखानदारी या भागाच्या अर्थव्यवस्थेचा कणा असल्याने आसवनींच्या सांडपाण्याचा वेगळा विचार करावा लागतो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल तयार होताना साधारणतः आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी सांडपाणी निर्माण होते. ते शिसे किंवा सायनाइडप्रमाणे तीव्र विषारी नसते. पण त्यातील सेंद्रिय भार पाण्यातील सर्व प्राणवायू शोषून घेतो. प्राणवायू संपलेल्या भूजलात खडकातील लोह व मँगनीज विरघळू लागतात, क्षारता वाढते आणि पाण्याला रंग चढतो. या भागात खारे पाणी नवे नाही. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील क्षारपड जमिनींचा प्रश्न ब्रिटिश काळापासून नोंदला गेला आहे. त्यामुळे पाण्याची चव बदलली तरी ‘आपल्याकडे पाणी मचूळच’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष होण्याचा संभव मोठा असतो.

जिवाणू प्रदूषणाशी तुलना

महाराष्ट्रातील ग्रामीण पाणीपुरवठ्याची दक्षता पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार यांच्या अनुभवातून घडली. वारीच्या काळात पालखी मार्गावरील विहिरींचे शुद्धीकरण होते, टँकरमध्ये टीसीएल पावडर टाकली जाते, आरोग्य कर्मचारी ओ.टी. चाचणी करून पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्याची खात्री करतात. नमुना पिवळा झाला की पाणी पिण्यास योग्य मानले जाते. लाखो वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या गावांत साथ न पसरण्यात या साध्या चाचणीचा वाटा मोठा आहे. राज्यात ग्रामपंचायतींना स्वच्छता सर्वेक्षणानुसार हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धतही आहे, आणि सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवणाऱ्या गावास चंदेरी कार्ड मिळते.

या कार्डांचा अर्थ नेमका समजून घेणे आवश्यक आहे. स्रोताभोवतीची घाण, गळक्या जलवाहिन्या, नियमित क्लोरिनेशन आणि साथींचा इतिहास यांवर कार्डाचा रंग ठरतो. पाण्यात कॅडमियम किंवा ट्रायक्लोरोएथिलीन आहे की नाही, याविषयी हिरवे कार्ड काहीही सांगत नाही. क्लोरीन जंतूंना मारतो; धातूंवर त्याचा परिणाम होत नाही. पाण्यात फिनॉल असेल तर क्लोरीनमुळे औषधी, उग्र चवीची क्लोरोफिनॉले तयार होतात, आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर ट्रायहॅलोमिथेन वर्गाची उपउत्पादने निर्माण होतात. तरीही क्लोरिनेशन बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जंतूंचा धोका तात्काळ व निश्चित असतो.

आरोग्यावरील परिणाम

परिणाम द्रव्याचे स्वरूप, मात्रा, सेवनाचा काळ आणि व्यक्तीचे वय यांवर अवलंबून असतो. वजनाच्या मानाने लहान मुले प्रौढांपेक्षा अधिक पाणी पितात, त्यामुळे त्यांच्या शरीरात जाणारी मात्राही अधिक ठरते. गर्भवती स्त्रिया व मूत्रपिंडाचे रुग्ण हेही विशेष जोखमीचे गट आहेत. उन्हात दिवसभर राबणारा शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार बैठे काम करणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितो, ही गोष्ट मानके वाचताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही. शरीरात गेलेले शिसे हाडांत दशकानुदशके साठून राहते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम नदीच्या पाण्यातून भातशेतीत व माणसांत पोहोचले आणि हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा ‘इताई-इताई’ हा रोग उद्भवला. जपान सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्य केला. विद्युत-विलेपनाच्या कारखान्यांतून येणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असून मोठ्या प्रमाणात असल्यास पाण्याला पिवळसर छटा देते. अल्प प्रमाणात ते डोळ्यांना दिसत नाही.

धातूचे सुटे भाग स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे ते भूजलाच्या तळाशी जाऊन बसते व वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवी कर्करोगकारकांत केली असून मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दाखवला गेला आहे. बेंझीनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे.

नायट्रेट खते, सांडपाणी आणि काही उद्योग अशा तिन्ही मार्गांनी येते. प्रमाण ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरहून वाढल्यास सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून त्वचा निळसर पडू शकते. वरच्या दुधासाठी वापरलेले पाणी हे त्याचे नेहमीचे कारण असते. अशा बाळांच्या घरी पाणी अधिक वेळ उकळले जाते आणि बाष्पीभवनामुळे नायट्रेटची तीव्रता उलट वाढते.

उजनीच्या बाबतीत एक अप्रत्यक्ष परिणामही महत्त्वाचा आहे. शहरी सांडपाणी व साबणचुऱ्यातील नत्र-स्फुरदामुळे उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी हिरवे होते. अशा वेळी वाढणाऱ्या नील-हरित शैवालांच्या काही जाती यकृतास अपायकारक असे मायक्रोसिस्टिन हे विष निर्माण करतात. त्याच्या मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील मार्गदर्शक मर्यादा एक मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे. हे विष उकळण्याने नष्ट होत नाही. रसायन टाकून शैवाल एकदम मारल्यास पेशी फुटून ते पाण्यात अधिकच मिसळते.

अलीकडे सर्वाधिक चर्चा पीएफएएस या फ्लोरीनयुक्त संयुगांची आहे. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि त्यांतील पीएफओए हे संयुग मानवी रक्तात निम्मे होण्यासही काही वर्षे लागतात. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून हे द्रव्य परिसरातील पाणीपुरवठ्यात गेले होते. न्यायालयीन तडजोडीनुसार सुमारे ६९,००० रहिवाशांची तपासणी झाली आणि स्वतंत्र शास्त्रज्ञ-मंडळाने २०१२ पर्यंत सहा विकारांशी त्याचा संभाव्य संबंध नोंदवला: मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा व्रणयुक्त दाह, कोलेस्टेरॉलची वाढ आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब. या विषयाचे एक टोक महाराष्ट्रातही आहे. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात मोठ्या लोकसंख्येचे पिण्याचे पाणी दूषित करणारा मितेनी हा कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री मुंबईतील एका रसायन कंपनीच्या समूहाने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम येथे आणली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्सा येथील न्यायालयाने मितेनी प्रकरणी ११ जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

मानके व तपासणी

भारतात पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० : २०१२ हे मानक लागू आहे. त्यानुसार प्रति लिटर शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२ आणि सायनाइड ०.०५ मिलिग्रॅम याहून अधिक असता कामा नये. फिनॉलवर्गीय संयुगांसाठी स्वीकार्य मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम आहे. २०१२ च्या या मानकात पीएफएएसला मर्यादा दिलेली नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए व पीएफओएस यांच्यासाठी प्रत्येकी चार नॅनोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा ठरवली.

मानक असणे आणि त्यानुसार तपासणी होणे या भिन्न गोष्टी आहेत. ग्रामीण स्रोतांची जिवाणू तपासणी वर्षातून दोनदा व रासायनिक तपासणी एकदा व्हावी, असा राष्ट्रीय दंडक आहे. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना क्षेत्रीय चाचणी संच देण्यात आले. या संचांत सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड, शिल्लक क्लोरीन अशा घटकांची चाचणी होते. जड धातू व द्रावके ओळखण्यासाठी मात्र प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे लागतात, आणि कोणते द्रव्य शोधायचे हे आधी ठरवावे लागते. ‘रासायनिक तपासणीत पाणी योग्य’ असा शेरा वाचताना कोणकोणते घटक तपासले, हे पाहिल्याखेरीज त्या शेऱ्यास अर्थ नाही.

नद्यांच्या वर्गीकरणातही हीच मर्यादा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रातील होते आणि भीमा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी व नीरा यांचे पट्टे त्या यादीत होते. हे वर्गीकरण जैविक प्राणवायू मागणी या एकाच निकषावर आधारलेले आहे. सांडपाण्यातील कुजणारे सेंद्रिय द्रव्य या निकषाने मोजता येते. धातूंचा मागमूस त्यात लागत नाही.

कार्यकारणसंबंधाची अडचण

एखाद्या गावात कर्करोगाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण वाढल्याची भावना आणि ती वाढ पाण्यामुळेच झाल्याचा पुरावा यांत मोठे अंतर आहे. हे रोग इतर कारणांनीही होतात. तंबाखू, मधुमेह, वाढलेले आयुर्मान व सुधारलेले निदान यांचा हिशेब करावा लागतो. लहान गावात दोन-चार रुग्णांचा फरक योगायोगानेही पडतो. उलटपक्षी, पुरावा नाही याचा अर्थ अपाय नाही असाही होत नाही. नोंदच नसेल तर पुरावा कधीच मिळणार नाही.

अशा नोंदीचे उत्तम उदाहरण जवळच आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरून रुग्णांची माहिती तेथे संकलित करण्यात आली. पुण्याची नोंदणी शहरी क्षेत्रासाठी होती. भीमा–नीरेकाठचे तालुके या दोन्हींच्या मूळ क्षेत्रांत नव्हते. पार्कर्सबर्गमध्ये संबंध दाखवता आला, कारण पाण्यातील द्रव्याची मात्रा, रहिवाशांचा वास्तव्यकाळ व रक्तातील प्रमाण या तिन्हींची नोंद एकत्र आली.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७० मध्ये, म्हणजे केंद्रीय कायद्याच्याही आधी, झाली. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक सोडण्यास मनाई आहे. या कायद्यातील ‘प्रवाह’ या संज्ञेत भूगर्भातील पाण्याचाही समावेश होतो. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना कायदेशीर पुरावा ठरण्यासाठी तो विहित पद्धतीने, कारखान्यास सूचना देऊन, मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. ग्रामस्थांनी बाटलीत भरून नेलेले काळे पाणी लक्ष वेधते, पण या कलमाखाली पुरावा ठरत नाही. मंडळाने कारवाई न केल्यास साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो.

‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी प्रकरणात १९९६ मध्ये ठामपणे लागू केले. उदयपूरजवळच्या या गावात एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळामुळे विहिरींचे पाणी काळे पडून निरुपयोगी झाले होते. कारखाने बंद झाले, पण भरपाई टाळण्यासाठी अर्जांमागून अर्ज होत राहिले. अखेर २०११ मध्ये न्यायालयाने सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. निकाल व वसुलीचा आदेश यांत पंधरा वर्षे गेली. भोपाळमध्येही बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्याभोवतालचे भूजल दूषित झाल्याने तेथील वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २००४ मध्ये द्यावा लागला.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० मुळे पुण्यातच पश्चिम विभागाचे खंडपीठ उपलब्ध झाले. तेथे भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो; पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळतात. वीस वर्षांनी प्रकट होणाऱ्या रोगाच्या बाबतीत ही मुदत कशी मोजायची, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

घरगुती व गावपातळीवरील उपाय

उकळणे, तुरटी फिरवणे, कापडाने गाळणे हे उपाय जंतू व गढूळपणासाठी उपयुक्त असले तरी विरघळलेल्या रसायनांसाठी अपुरे आहेत. उकळल्याने बाष्पनशील द्रावके पाण्यातून निघतात खरी, पण ती स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतात. सक्रियित कोळशाची गाळणी अनेक सेंद्रिय संयुगे शोषते. मात्र कोळसा वेळेवर न बदलल्यास तो निरुपयोगी होतो. गावोगावी दिसणाऱ्या ‘आरओ’ संयंत्रांची पटले धातू, क्षार, नायट्रेट व बहुतांश पीएफएएस अडवतात. लहान रेणूंची काही द्रावके मात्र त्यांतूनही अंशतः पार होतात. या संयंत्रांतून बाहेर पडणाऱ्या नाकारलेल्या पाण्यात सर्व प्रदूषके एकवटलेली असतात, आणि ते पाणी गटारात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडल्यास पुन्हा भूजलातच जाते. जारचे पाणी विकत घेणे ज्यांना परवडत नाही ती कुटुंबे मूळ स्रोतावरच अवलंबून राहतात.

पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलल्यास, विहिरीत मासे मरू लागल्यास किंवा जनावरे पाणी तोंडाला लावेनाशी झाल्यास तो स्रोत पिण्यासाठी थांबवून ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. नमुन्यासोबत आसपासच्या उद्योगांत वापरली जाणारी द्रव्ये, पाऊस केव्हा झाला आणि बदल कोणत्या तारखेस प्रथम जाणवला, ही माहिती दिल्यास कोणते घटक तपासावेत हे ठरवणे सोपे जाते. धातूंसाठीचा नमुना आम्ल घालून टिकवावा लागतो. द्रावकांसाठीचा नमुना काचेच्या बाटलीत हवेची पोकळी न ठेवता काठोकाठ भरून थंड ठेवावा लागतो. शीतपेयाच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीतून तालुक्यापर्यंत प्रवास केलेल्या नमुन्यात द्रावके आढळली नाहीत, तर विहिरीतही ती नव्हती असे म्हणता येत नाही.